आफ्रिकेतल्या मानाच्या माणसांची त्यांच्याच पारंपरिक पोशाखातली जुनी चित्रं आहेत का?

आहेत. त्यातलं मला सर्वांत जवळचं वाटतं ते अयुबा सुलेमान दियालोचं. चित्रातला पोशाख त्याने चित्रकाराशी वाद घालून मिळवलाय.

दियालो आजच्या सेनेगलमधल्या बुंदूचा, इमामाचा मुलगा. १७३३ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम होअरने त्याचं तैलचित्र काढलं. चेहरा झाल्यावर होअरने विचारलं, कपडे कोणते दाखवू? माझ्या देशाचे, दियालो म्हणाला. न पाहिलेले कपडे मी काढू कसे, असं होअरचं म्हणणं. मग कोणीच न पाहिलेला देव तुमचे चित्रकार कसे काढतात, असा दियालोचा सवाल! त्याचा मित्र थॉमस ब्लूएट याने १७३४ मध्ये हा प्रसंग छापला.

चित्रात पांढरा फेटा आहे, पांढरा सैल झगा आहे आणि गळ्यात लाल पिशवी. मी पहिल्यांदा तिच्याकडेच बघत राहिलो. तिच्यात बहुधा कुराण आहे, त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं. त्याला ते तोंडपाठ होतं. इंग्लंडमध्ये त्याने नुसत्या आठवणीवर तीन प्रती लिहून काढल्या.

फेट्याचं मोल कळायला थोडं मागे जावं लागतं. दोन-तीन वर्षांपूर्वी गँबिया नदीकडून घरी परतताना त्याला पकडलं, डोकं आणि दाढी भादरली आणि विकलं. ते भादरणं त्याला फार लागलं होतं. पुढे अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये तंबाखूच्या मळ्यावर गुलामी. वडिलांना लिहिलेल्या अरबी पत्रामुळे त्याची सुटका झाली. हेही सांगायलाच हवं, की पकडला गेला तेव्हा तो स्वतः दोन गुलाम विकून येत होता. मला हे वाचून त्रास झाला, पण ते वगळून त्याची गोष्ट सांगणं खोटं ठरेल. सुटल्यावर इंग्लंडच्या दरबारात जाताना त्याने आपल्या देशाच्या पद्धतीचा रेशमी पोशाख शिवून घेतला.

आपल्याकडे मलिक अंबरची लघुचित्रं आहेत, पण हबशी असूनही त्यांत तो दिसतो इथल्याच जाम्यात.

तुम्हाला दरबारी वकील, म्हणजे राजदूतच हवा असेल, तर एलिझाबेथ राणीकडे आलेल्या मोरोक्कोच्या वकिलाचं १६०० सालचं चित्र बघा. नाव अब्द अल-वाहिद. अंगावर मोरोक्कोचाच पेहराव, कमरेला तलवार आणि बाजूला लॅटिनमध्ये वय लिहिलंय: ४२.