ओबीएस टास्क शेड्युलरमधून सुरू करताना येणारा एरर, आणि रेकॉर्डिंग बंद कसं करायचं

रोज सकाळी ७ चा ऑनलाइन क्लास आपोआप रेकॉर्ड व्हावा म्हणून तुम्ही विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम चालू करणारं टूल) ओबीएसचा, म्हणजे स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या प्रोग्रॅमचा, टास्क लावलाय, आणि डेस्कटॉपच्या आयकॉनवरून ओबीएस नीट उघडतं पण शेड्युलरमधून 'लोकेल' (भाषेची) फाईल सापडत नाही असा एरर येतो, बरोबर ना? ओबीएसला सुरू होताना जे ऑप्शन्स (सूचना) देताय ते ठीक आहेत तुमचे, घोळ फोल्डरचा आहे. ओबीएस आपल्या फाइल्स शोधतं ते ज्या फोल्डरमधून चालू झालं तिथून, आणि आयकॉनमध्ये तो फोल्डर आधीच भरलेला असतो, शेड्युलरमध्ये आपणच भरायचा. ॲक्शनमध्ये 'स्टार्ट इन' नावाचा रकाना आहे, ऑप्शनल लिहिलंय म्हणून सगळे रिकामा सोडतात. तिथे ओबीएस६४ची ईएक्सई फाईल ज्या '६४बिट' फोल्डरमध्ये आहे त्याचा पूर्ण पाथ टाका, अवतरण चिन्हं न लावता.

ऑप्शन्स वेगळ्या रकान्यात, 'ॲड आर्ग्युमेंट्स'मध्ये. --स्टार्टरेकॉर्डिंग हा सगळा एकच शब्द आहे, मध्ये स्पेस नाही, पुढे दोन डॅश, इंग्रजी स्मॉल लेटर्समध्ये. सोबत --कलेक्शन (सीन्सचा संच), --प्रोफाइल (रेकॉर्डिंगच्या सेटिंग्जचा संच) आणि --सीन (स्क्रीनवर काय दिसेल ती मांडणी) द्याच, प्रत्येकापुढे त्याचं नाव लिहून, नाहीतर काल रात्री जे उघडं होतं त्यावरच रेकॉर्डिंग सुरू होतं. नावात स्पेस असेल तर इथे मात्र अवतरण चिन्हं लागतात. आणि टास्क 'युजर लॉग्ड ऑन असतानाच' चालेल असाच ठेवा, दुसऱ्या पर्यायात ओबीएसला डेस्कटॉपच मिळत नाही, मग रेकॉर्ड काय करणार.

आता खरा मुद्दा. सुरू करायला ऑप्शन आहे, थांबवायला नाही. ओबीएस आधीच चालू असेल तर नवीन कमांड त्या चालू ओबीएसपर्यंत पोचत नाही, 'आधीच चालू आहे' अशी खिडकी येते आणि सकाळी ती बघायला कोणी नसतं. म्हणून बरेच जण दुसरा टास्क लावून प्रोग्रॅम जबरदस्तीने मारतात. कृपा करून हे करू नका, साध्या एमपी४मध्ये रेकॉर्ड करत असाल तर फाईल उघडणारच नाही आणि अख्खा क्लास गेला. फॉरमॅट एमकेव्ही ठेवा, लाइट गेली तरी तोपर्यंतचं रेकॉर्डिंग हाती राहतं.

थांबवायचा सोपा रस्ता म्हणजे टूल्स मेनूतला 'आउटपुट टायमर'. वेळ भरा, आणि प्रत्येक रेकॉर्डिंगला टायमर लावायची टिक करा. ही सेटिंग सीन कलेक्शनसोबत सेव्ह होते, तेव्हा --कलेक्शनमध्ये जे नाव देताय तेच उघडून त्यात करा. आधी ५ मिनिटांचा टायमर लावून टेस्ट घ्या. क्लास कधी लवकर संपतो कधी लांबतो असं असेल तर वेबसॉकेट (चालू ओबीएसला बाहेरून कमांड पाठवायची सोय) वापरा, व्हर्जन २८ पासून ते ओबीएसमध्येच येतं, पोर्ट ४४५५, छोट्या पायथन स्क्रिप्टने 'स्टॉप रेकॉर्ड' पाठवता येतं.

एवढं करूनही नाही झालं तर हेल्प मेनूतून चालू लॉग उघडा, वरच्या भागात 'कमांड लाइन आर्ग्युमेंट्स' अशी ओळ असते, ओबीएसपर्यंत कुठले ऑप्शन्स पोचले ते तिथे दिसतं. ती ओळ इथे टाका, बघतो.