क्लासवाल्यांनी कापलेले 9,600 परत येतात का?

प्रश्न: सर नमस्कार, मी लातूरला बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, संध्याकाळी एका क्लासमध्ये नीटच्या पोरांचे डाउट घेतो. महिन्याला 8,000 ठरले होते पण हातात 7,200च येतात, विचारलं तर म्हणे टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडं भरायचा कर) कापला. 2025-26 पूर्ण वर्ष असंच चाललं. मला शिष्यवृत्ती पण आहे अन् पप्पांनी रूम-मेससाठी सोयाबीनचे 60,000 माझ्या खात्यावर टाकलेत. सगळं धरून टॅक्स बसतो का? मित्र म्हणतात रिटर्न भरलं की शिष्यवृत्ती बंद होते.

उत्तर: एक रुपयाही बसत नाही. नव्या करपद्धतीत त्या वर्षाला 4 लाखांपर्यंत करच नाही अन् तुझी कमाई 96,000. शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती करमुक्त. सोयाबीनचे पैसे तर तुझं उत्पन्नच नाही, शेती पप्पांची, आडतीची पट्टी त्यांच्या नावावर, अन् बापानं लेकराला दिलेल्या पैशावर टॅक्स नसतो. पट्टीचा फोटो तेवढा काढून ठेव. मित्रांचं सोड, महाडीबीटीला (सरकारी शिष्यवृत्तीचं पोर्टल) लागतो तो तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रिटर्न भरलं म्हणून शिष्यवृत्ती बंद होत नाही.

आता तुला रिटर्न भरायची सक्ती नाही, पण नाही भरलं तर महिन्याला 800 प्रमाणे कापलेले ते 9,600 सरकारकडंच राहतात, आपोआप कुणी आणून देत नाही. म्हणून भरच. आधी आयकराच्या पोर्टलवर फॉर्म 26एएस (तुझ्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) उघडून बघ, क्लासवाल्यांनी कापलेले पैसे तुझ्या पॅनवर दिसतात का. दिसत नसतील तर त्यांनी भरलेच नाहीत किंवा पॅन चुकीचा टाकलाय, तेव्हा रिटर्न भरायच्या आधी त्यांच्या मागं लाग आणि फॉर्म 16ए (टीडीएस कापल्याचा दाखला) माग.

फॉर्म कोणता यात पोरं हमखास फसतात. 10 टक्के कापलेत म्हणजे बहुतेक त्यांनी तुला पगार नाही, फी दाखवलीय, 26एएसमध्ये 194जे (फीवरच्या टीडीएसचं कलम) लिहिलेलं असेल तर तेच. मग आयटीआर 1 (सहज) चालत नाही, आयटीआर 4 (सुगम) घ्यायचा. तिथं सगळेच्या सगळे 96,000 नफा म्हणून दाखवले तरी कर शून्यच येतो, त्यामुळं खर्चाचा हिशोब लावत बसू नको. असेसमेंट इयर (कमाईच्या पुढचं वर्ष) 2026-27 निवडायचं बरं का.

खरी गाडी अडते ती खात्यावर. शाळेत असताना काढलेलं शिष्यवृत्तीचं खातं असेल, केवायसी झालेली नसेल, पॅनवर नाव एक अन् पासबुकावर आडनाव आधी, तर पोर्टलवर खातं व्हॅलिडेट (तुझंच आहे अशी खात्री) होत नाही अन् रिफंड लटकतो. आधी बँकेत जाऊन ते नीट कर. आणि भरल्यावर 30 दिवसांत आधार ओटीपीनं ई-व्हेरिफाय (रिटर्न आपणच भरल्याची ऑनलाइन खात्री) करायचं, नस्ता भरलेलं धरतच नाहीत. आधारला गावाकडं पप्पांचा नंबर असेल तर ते फोनजवळ असताना बस, ओटीपी लगेच संपतो.

जुलैअखेरपर्यंत उरकून टाक. राहिलंच तर डिसेंबरअखेरपर्यंत भरता येतं आणि उत्पन्न मर्यादेच्या आत असल्यानं लेट फी पण लागत नाही.

प्रश्न: मी डिप्लोमा करून वाळूजला ट्रेनी आहे, पगारातून टॅक्स काहीच कापत नाहीत. नेट कॅफेवाला म्हणतो 500 दे, 20,000 रिफंड काढून देतो. काढू का?

उत्तर: अरे, कापलंच नाही तर परत काय येणार? रिफंड म्हणजे तुझेच जास्तीचे गेलेले पैसे. हे लोक खोटा विमा, खोटी देणगी असलं काहीबाही दाखवतात, अन् नोटीस त्यांना नाही, तुला येते. लॉगिन आधीच दिलं असशील तर पासवर्ड बदल आणि प्रोफाइलमध्ये त्यानं स्वतःचा मोबाइल नंबर तर टाकला नाही ना, ते आजच बघ.