सांगली ते मेलबर्न नक्की किती लांब?

नवऱ्याला मेलबर्नला नोकरी मिळालीय, मुलगी सात वर्षांची, आई विश्रामबागेतच राहणार. तर अंतर किती आणि विमानाला किती तास लागतात, असं तुम्ही विचारलंत. प्रश्न वाचल्यापासून दोन दिवस मन थाऱ्यावर नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मुंबई ते मेलबर्न सरळ रेषेत साधारण ९,८०० किलोमीटर. थेट विमान मिळालं तर बाराएक तास. सिंगापूरमार्गे साडेपाच आणि साडेसात, मधलं थांबणं वेगळं. सिंगापूर वाटेवरच आहे, त्यामुळे वळसा फारसा पडत नाही. पण तुमचा प्रवास सुरू होणार सांगलीतून. रात्रीची ट्रॅव्हल्स किंवा महालक्ष्मी एक्सप्रेस, मग विमानतळावर बसून राहणं. घरातून निघून घरात पोचेपर्यंत तीस तासांच्या आत मला कधी जमलेलं नाही.

वेळेचा फरक साडेचार तास, तिकडच्या उन्हाळ्यात साडेपाच. आई जेवणं आटोपून साडेआठला निवांत होते तेव्हा आमच्याकडे रात्रीचा एक नाहीतर दोन वाजलेला असतो. एकटेपणा म्हणाल तर येतो, आणि कामाला लागलं की कमी होतो.

व्हिसाचं सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे. मी एवढंच सांगेन, मुलीचा जन्मदाखला आजच काढून बघा. आमच्या मुलाच्या नोंदीत बाळाच्या नावाचा रकाना कोराच निघाला. तो भरून घ्यायला अडीच महिने हेलपाटे घातले. दर वेळी नवा कागद मागायचे, आणि आधीच का सांगितलं नाही म्हटलं की गप्प बसायचे.

आता शाळा. तिथलं वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरात संपतं. आम्ही २०१७च्या जुलैत गेलो. मुलगा भारतात दुसरी पास झालेला, तिथे वयाप्रमाणे परत दुसरीतच, तीही अर्ध्या वर्षात. ते एक वेळ चाललं असतं. पण बाईंनी सांगितलं, घरी इंग्रजीच बोला, म्हणजे लवकर रुळेल. आम्ही ऐकलं. दोन वर्षं घरात मराठी बंद केली. बाईंना काय बोल लावू, तोंड आमचं होतं.

ऑगस्ट २०१९ला कृष्णेला पूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांवर गेलेलं. माझी आई गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीत. मिळेल ते तिकीट काढून मी निघाले, कऱ्हाडपर्यंत आले आणि पुढे रस्ताच नाही. सांगली तिथून सत्तरेक किलोमीटर. एवढा समुद्र ओलांडून आलेली मी तीन दिवस मावशीकडे फोन हातात धरून बसले होते.

त्याच दिवसांत मुलाने मेलबर्नहून आजीला फोन लावला. तिचं सगळं त्याला कळत होतं. घाबरलीस का, एवढंच विचारायचं होतं त्याला. तो शब्द त्याच्याकडे नव्हता. “आजी, पाणी,” म्हणाला आणि फोन बाबांच्या हातात दिला. आईला त्याचंही कौतुक, “बोलला गं माझ्याशी.” मला ते अजून सहन होत नाही.

ताई, शाळेत कुणी काहीही सांगू दे, मुलीशी घरी मराठीतच बोला. आणि निघण्याआधी आईच्या शेजारच्या दोन घरांचे नंबर लिहून घ्या, त्यातलं एक तरी वरच्या मजल्यावरचं असू दे.