नेट वर्थ ३७ लाख आणि २५ तारखेला खातं रिकामं: एकल पालकाने ताळेबंद कसा मांडावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घटस्फोट झालाय, मुलगी नऊ वर्षांची, हातात येणारा पगार ५२ हजार. एक्सेलमध्ये सगळं मांडल्यावर नेट वर्थ (मालमत्ता वजा देणी) ३७ लाख ६० हजार निघालं, पण दर महिन्याच्या २५ तारखेला खात्यात काही उरत नाही. मग चुकतंय कुठे, आणि कोणतं ॲप वापरावं?

तुमचे आकडे सगळ्यांना कळावेत म्हणून पुन्हा लिहिते. फ्लॅट ३२ लाख, पीएफ ४ लाख ६० हजार, दागिने ८ लाख, पतसंस्थेत मुदत ठेव ३ लाख, सुकन्या समृद्धी २ लाख ४० हजार, बचत खात्यात ४० हजार, स्कूटर ४० हजार, पोटगीची थकबाकी येणे ८० हजार. एकूण ५१ लाख ६० हजार. त्यातून गृहकर्ज १४ लाख वजा.

बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. पण हा ताळेबंद दोन पगारांच्या घराचा आहे. एकाचा पगार थांबला तर दुसऱ्याचा चालू राहतो, अशा घरात ‘एकूण किती’ एवढं कळलं तरी भागतं. तुमच्या-माझ्यासारख्या घरात पहिला प्रश्न वेगळा असतो: माझा पगार उद्या थांबला तर हे घर किती महिने चालेल? मुलाला एकटीने वाढवताना मी याच एका प्रश्नाभोवती हिशेब ठेवला. माझ्या मते एकल पालकाने नेट वर्थ काढायचं ते याच्याच उत्तरासाठी. म्हणून तुमची प्रत्येक ओळ ‘यातलं माझ्या हातात काय येईल आणि कधी’ या नजरेने पुन्हा तपासू.

फ्लॅटपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठा फरक तिथे आहे. तुम्ही लिहिलंय की फ्लॅट अजून दोघांच्या नावावर आहे, ‘तो तुझाच’ असं तोंडी ठरलं आहे आणि हप्ता तुम्हीच भरता. तोंडी ठरलेलं ताळेबंदात धरायचं नाही. हक्कसोडपत्र (त्यांनी आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं जाऊन सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर एकट्या तुमचं नाव येईपर्यंत फ्लॅट निम्माच धरा, १६ लाख. कर्ज मात्र पूर्ण १४ लाख धरा. कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या असल्या की बँकेच्या लेखी दोघंही पूर्ण रकमेला जबाबदार असतात, घटस्फोटाने तो करार बदलत नाही. बँकेने लेखी मोकळं केल्याशिवाय कोणाचंच नाव निघत नाही आणि एखादा हप्ता चुकला तर दोघांच्याही क्रेडिट अहवालात दिसतो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवा. तुमच्या नावावर आणखी कुठलं संयुक्त कर्ज किंवा जामिनकी शिल्लक आहे का, ते त्यात कळेल. घटस्फोटानंतर हे प्रत्येकाने करायलाच हवं.

दागिने तुम्ही वर्तमानपत्रातल्या भावाने धरलेत. तो भाव बहुतेक वेळा २४ कॅरेटचा असतो, दागिना २२ कॅरेटचा. खडे आणि मीना यांचं वजन वजा होतं, घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नाही. सराफाकडे एकदा नुसतं वजन करून घ्या. तोवर मी १० टक्के कमी करून ७ लाख २० हजार धरते. आणि जे तुमच्या कपाटात किंवा लॉकरमध्ये आहे तेवढंच धरा. सासरी राहिलेलं स्त्रीधन कायद्याने तुमचंच आहे, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच प्रतिभा राणी खटल्यात ते स्पष्ट केलंय. त्याची यादी फोटोंसह जपून ठेवा, पण ताळेबंदात ती रक्कम नको.

पोटगीची थकबाकीही ताळेबंदात नको. ती खात्यात जमा होईल तेव्हाच तुमची. पण तिची वेगळी वही ठेवा, आणि ही वही मी खर्चाच्या वहीपेक्षाही महत्त्वाची मानते. कोणत्या महिन्याचे किती यायला हवे होते, कोणत्या तारखेला किती आले, किती बाकी. आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली असेल (आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४), तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. ‘देईल कधीतरी’ म्हणत थांबलेल्या कितीतरी जणींची जुनी रक्कम या एका अटीमुळे या मार्गाने वसूल होईनाशी होते. शिवाय ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता, देणी, उत्पन्न आणि खर्च यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. मुलगी मोठी होईल तसा खर्च वाढेल. पोटगी वाढवून मागायची वेळ आली तर तुमची दोन-तीन वर्षांची नीट लिहिलेली वही आणि फीच्या पावत्या वकिलाचं निम्मं काम करतील.

भिशीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय: दहा जणी, महिना पाच हजार, तिसऱ्या महिन्यात तुमची उचल झाली. म्हणजे ५० हजार मिळाले, १५ हजार भरून झाले आणि सात हप्ते शिल्लक आहेत. हे ३५ हजारांचं कर्ज आहे. भिशी लागली की आपण ती कमाई समजतो, आणि पुढचे हप्ते कुठल्याच यादीत येत नाहीत. उचल व्हायची असती तर भरलेले १५ हजार येण्याच्या बाजूला लिहिले असते. भावाकडून घेतलेले दीड लाखही देण्यात लिहा. तो मागणार नाही हे मान्य, तरी लिहा. घरातल्या उसन्या पैशांची नोंद असली की नातं मोकळं राहतं.

सुकन्या समृद्धीचे पैसे मुलीचे. ती दहावी झाल्यावर किंवा अठरा वर्षांची झाल्यावर उच्च शिक्षणासाठी जास्तीत जास्त निम्मी शिल्लक काढता येते, आणि खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी पूर्ण होतं. खातं चालू ठेवायला वर्षाला २५० रुपयेही पुरतात. त्यामुळे ज्या वर्षी हात आखडलेला असेल त्या वर्षी इथे कमी भरा, अपराधी वाटून घेऊ नका. ती रक्कम खाली वेगळ्या ओळीत लिहा, बेरजेत घेऊ नका. स्कूटर काढून टाका, ती विकून तुमचं ऑफिस आणि तिची शाळा चालणार नाही.

आता मांडू. येणं: फ्लॅट १६ लाख, पीएफ ४ लाख ६० हजार, सोनं ७ लाख २० हजार, ठेव ३ लाख, बचत ४० हजार, मिळून ३१ लाख २० हजार. देणं: कर्ज १४ लाख, भाऊ दीड लाख, भिशी ३५ हजार, मिळून १५ लाख ८५ हजार. नेट वर्थ १५ लाख ३५ हजार. आकडा निम्म्याहून खाली आला म्हणून घाबरू नका, तुमच्याकडून काहीही गेलेलं नाही. हा आकडा आता खात्रीचा आहे, एवढंच.

यातून महिने काढू. घर विकता येत नाही, पीएफला हात लावायचा नाही, सोनं शेवटचा आधार. राहिले बचत ४० हजार आणि ठेव ३ लाख. त्यातून भिशीचे ३५ हजार वजा केले की ३ लाख ५ हजार. तुमचा खरा महिन्याचा खर्च ४६ हजार आहे (तो कसा ते पुढे सांगते), म्हणजे साधारण साडेसहा महिने. चांगली स्थिती आहे. काळजी एकाच गोष्टीची वाटते, की हे जवळजवळ सगळे महिने एका पतसंस्थेवर अवलंबून आहेत. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, व्याजासकट ५ लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. तुमची पतसंस्था उत्तम चालत असेल, संचालक ओळखीचे असतील, तरी घरात कमावतं माणूस एकच असताना आणीबाणीचे पैसे तिथे ठेवू नयेत असं माझं ठाम मत आहे. मुदत संपली की निदान दोन लाख बँकेत हलवा. अर्धा-एक टक्का व्याज कमी मिळालं तरी चालेल.

आता २५ तारखेचा प्रश्न. तुम्ही महिन्याचा खर्च ३४ हजार लिहिलाय, त्यात हप्ता १३,८०० धरलाय. म्हणजे १८ हजार उरायला हवेत, भिशीचे पाच गेले तरी १३. ते जातात कुठे? तुम्ही दिलेल्या इतर माहितीतून मी वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च वेचून काढले: शाळेची फी ४८ हजार, क्लास १५ हजार, वह्या-पुस्तकं-गणवेश ९ हजार, टर्म आणि आरोग्य विम्याचे हप्ते ३१ हजार, दिवाळी १५ हजार, घरपट्टी ४ हजार, स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग ५ हजार, दात-डोळे-ताप असं औषधपाणी ८ हजार, गावी जाणं आणि लग्नातले आहेर ९ हजार. बेरीज १ लाख ४४ हजार. बारा महिन्यांत विभागले की महिन्याला बरोबर १२ हजार.

तुमचे पैसे इथे जातात. जूनमध्ये फी येते, ती भरायला क्रेडिट कार्ड वापरलं जातं, जुलै-ऑगस्ट ते फेडण्यात जातात, तोवर गणपती आणि दिवाळी दारात. प्रत्येक वेळी ‘या महिन्यात जरा जास्त झालं’ असं वाटतं, पण असा महिना नसलेलं वर्षच नसतं. तुम्ही उधळपट्टी करत नाही आहात. भाजी आणि दुधात काटकसर करून हा प्रश्न सुटणारही नाही, तिथे आधीच फार काही शिल्लक नाही.

उपाय असा की दुसरं एक बचत खातं उघडा, त्याचं डेबिट कार्ड घेऊ नका आणि यूपीआयला जोडू नका. पगाराच्या दुसऱ्या दिवशी त्यात १२ हजार आपोआप वळते होतील अशी स्थायी सूचना बँकेला द्या. वरचे सगळे खर्च फक्त त्याच खात्यातून. पगारातून मग ३४ हजार घरखर्च, १२ हजार वार्षिक, ५ हजार भिशी, उरले एक हजार. हे घट्ट आहे, मला कळतंय. पण भिशी सात महिन्यांत संपेल आणि ते पाच हजार मोकळे होतील. तेव्हा लगेच नवी भिशी लावू नका, आधी भावाचे दीड लाख फेडा.

पोटगीचे १० हजार मी बजेटमध्ये मुद्दामच घेतले नाहीत. जे पैसे कधी येतील ते आपल्या हातात नाही, त्यांच्या भरवशावर किराणा भरायचा नाही. आले की ते थेट वार्षिक खात्यात टाका. पहिलं वर्ष ते खातं यामुळेच तग धरेल, कारण जूनची फी येईपर्यंत नुसत्या १२ हजारांनी पुरेशी रक्कम साठलेली नसते.

एक दिलासा देणारी गोष्टही सांगते, ती मासिक हिशेबात दिसत नाही. तुमच्या १३,८०० च्या हप्त्यात साडेआठ टक्क्यांनी आत्ता सुमारे ९,९०० व्याज आहे आणि ३,९०० मुद्दल. व्याज हा खर्च, मुद्दल ही बचत. येत्या वर्षभरात कर्ज जवळपास ४८ हजारांनी उतरेल. पीएफमध्ये दरमहा भर पडते ती वेगळी (कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शन योजनेत जातो, तो पासबुकात वेगळ्या रकान्यात असतो, तो बेरजेत घेऊ नका). म्हणजे खात्यात एक रुपया शिल्लक न राहिलेल्या महिन्यातही तुम्ही थोड्या पुढे सरकलेल्या असता. म्हणून खर्च रोज किंवा आठवड्याला लिहा, पण ताळेबंद वर्षातून दोनदाच मांडा, मार्चअखेर आणि दिवाळीनंतर. दर महिन्याला सोन्याचा भाव बघून नेट वर्थ काढत बसण्यात जीव टांगणीला लागतो, हाती काही लागत नाही.

ॲपबद्दल: वही किंवा तुमची एक्सेल पुरेशी आहे. फोनमधले सगळे मेसेज वाचायची परवानगी मागणारं ॲप मी वापरत नाही. त्यापेक्षा मोठं कारण म्हणजे हा हिशेब दुसऱ्या कुणाला उघडून वाचता आला पाहिजे. आपल्या घरात दुसरं मोठं माणूस नाही. म्हणून ताळेबंदाची छापील प्रत, प्रत्येक खात्याची शाखा, पॉलिसी क्रमांक आणि मूळ कागद कुठे आहेत याची एका पानाची यादी करा आणि ती भावाला दाखवून ठेवा. पासवर्ड त्यात लिहू नका.

त्याच दिवशी नॉमिनी तपासा. जुन्या विमा पॉलिसीत, पीएफमध्ये आणि बँकेत अजून पूर्वीच्या नवऱ्याचं नाव असण्याची दाट शक्यता आहे. घटस्फोट झाला म्हणून ते आपोआप निघेल असं गृहीत धरू नका. पीएफचं ई-नॉमिनेशन घरबसल्या होतं. नोकरीत असताना काही झालं तर पीएफशी जोडलेल्या विम्यातून ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते, तीही त्याच नोंदीवरून दिली जाते. विम्यात मुलीचं नाव घालताना ती अज्ञान असल्याने तिच्या वतीने पैसे स्वीकारणारी व्यक्तीही नेमावी लागते. आणि इच्छापत्र करा. आई गेल्यावर वडील हयात असतील तर अज्ञान मुलीच्या पैशाचा कारभार त्यांच्याकडे जाऊ शकतो. तो कोणी पाहावा अशी तुमची इच्छा आहे, इच्छापत्र अमलात आणणारा व्यवस्थापक कोण, हे वकिलाशी बोलून लिहूनच ठेवायला हवं.

घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात आणि संमतीच्या अटींमध्ये फ्लॅटबद्दल नेमकं काय लिहिलंय ते वाचून इथे कळवा, पूर्ण कागद टाकू नका. तिथे फ्लॅट तुम्हाला दिल्याचं स्पष्ट असेल तर पुढची पायरी वेगळी आहे आणि १६ लाखांच्या ओळीबद्दल पुन्हा बोलता येईल.