चौथीच्या मुलांना जलचक्र कसं शिकवावं?

आकृती शेवटी काढा, आधी पाणी दाखवा. मी कोल्हापुरात चौथीला शिकवते, त्या अनुभवावरून सांगते. पातेल्यात गरम पाणी (ओतायचं तुम्हीच), वर स्टीलचं ताट, ताटात बर्फ. पाचेक मिनिटांनी ताट उचलून खालची बाजू दाखवा: बारीक थेंब एकमेकांत मिसळतात, जड होतात नि टपकतात. पण एवढ्यावर थांबलात तर पाणी उकळल्याशिवाय वाफ होत नाही असंच मुलांना वाटतं. म्हणून फरशीवर पाणी सांडून ओल्या डागाभोवती खडूने रेघ मारा. थोड्या वेळाने डाग रेघेच्या आत सरकलेला असतो, आणि तो मुलांनी स्वतः शोधलेला असतो! मग नकाशा घ्या. अरबी समुद्रावरचे ढग सह्याद्रीला अडून गगनबावड्याला कोसळतात, ते पाणी कुंभी नदीतून पंचगंगेत, नृसिंहवाडीला कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. फक्त ‘चक्र’ शब्द जपून वापरा: पाणी निघालं तिथेच परत येतं असं नाही. काही जमिनीत मुरून विहिरीत येतं, काही ऊस पितो नि पानांतून हवेत सोडतो.