वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटर बंद, दुकान चालू

प्रश्न : आमचं औषधांचं दुकान आहे. बिलं, साठा, उधारी सगळं एकाच कॉम्प्युटरवर. मध्यंतरी हार्ड डिस्क गेली. रोज रात्री पेन ड्राइव्हवर घेतलेला बॅकअपही उघडला नाही. असं का व्हावं? आणि दुरुस्ती होईपर्यंत दुकान कसं चालवायचं?

उत्तर : रोज त्याच नावाने बॅकअप घेतला की आदल्या दिवशीची प्रत पुसली जाते. डिस्क बऱ्याचदा एकदम जात नाही, आधी तिचे काही भाग वाचता येईनासे होतात. त्या दिवसांतली अर्धवट प्रत चांगल्या प्रतीवर जाऊन बसते. ‘इजेक्ट’ न करता पेन ड्राइव्ह ओढला तरी फाइल बिघडू शकते.

सात वारांचे सात फोल्डर करा, महिनाअखेरची प्रत वेगळी ठेवा. दोन एक्स्टर्नल ड्राइव्ह आलटूनपालटून वापरा, त्यातला एक घरी. काम झालं की ड्राइव्ह काढाच, कारण रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद होतात. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून एखादं जुनं बिल आणि एका औषधाचा साठा ताडून पाहा. नेमकं हेच राहून जातं.

दुकानासाठी कार्बन कॉपीचं छापील बिलबुक ठेवा. जीएसटीच्या नियमांत बिलांच्या एकाहून अधिक मालिका चालतात, म्हणून हातबिलांना ‘ह-1’पासून वेगळे क्रमांक द्या. क्रमांक 16 अक्षरांच्या आत हवा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये. बॅच नंबर आणि एक्स्पायरी त्याच वेळी लिहा, नाहीतर नंतर साठा जुळवताना रात्र जाईल. शेड्यूल एच-1 (चिठ्ठीशिवाय न द्यायच्या काही औषधांची सरकारी यादी) मधल्या औषधांची नोंद (डॉक्टर, रुग्ण, औषध, प्रमाण) टाळता येत नाही, ती 3 वर्षं जपावी लागते. किंमत पाकिटावर असतेच, अडतं ते उधारीपाशी. तिची यादी दर शनिवारी छापून ठेवा.

विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर ते उघडणारी 48 अंकी रिकव्हरी कीसुद्धा कागदावर हवी. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, 85 लाख विंडोज कॉम्प्युटर कोलमडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दुरुस्ती एक फाइल पुसण्याएवढीच होती, पण अनेक ठिकाणी ती आधी या कीवर अडली.

प्रश्न : डेस्कटॉपची तारीख रोज सकाळी मागे जाते आणि बँकेची साइट उघडत नाही.

उत्तर : मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किटवरचा) सीआर 2032 सेल संपला असावा; कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ त्यावर चालतं. तारीख चुकली की साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला अवैध वाटतं. विजेची वायर काढून, ‘+’ बाजू वर ठेवून नवा सेल बसवा आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख लावा. दरम्यान चुकीच्या तारखेची बिलं निघाली असतील, तर ती आधी तपासा.