रोड ट्रिपला निघाल्यावर लहान गावांतली चांगली हॉटेलं कशी शोधावीत? रेटिंग बघून थांबावं का?

रेटिंग बघून थांबू नका. एवढ्यावर उत्तर संपलं असतं, पण प्रश्न वाचला आणि आमचे थोरले साडू डोळ्यांपुढे उभे राहिले.

आमची दोघांची सासुरवाडी भुसावळ. ते ठाण्याचे, मी मूळचा अमळनेरकडचा, आता नाशकात. दिवाळीनंतर एकदा सगळे एकाच गाडीने निघालो. गाडी मी चालवत होतो आणि मोबाइल त्यांच्या हातात. धुळं मागे पडल्यावर त्यांनी फर्मान काढलं, चार पॉइंट तीनच्या खालच्या ठिकाणी थांबायचं नाही. थांबलो मग हायवेवरच्या एका काचेच्या, एसीवाल्या ठिकाणी. ऑर्डर येईपर्यंत मी त्याचे रिव्ह्यू वाचून काढले. पार्किंग मोठं आहे, टॉयलेट स्वच्छ आहे, मुलांना झोपाळा आहे, वेटर नम्र आहे. जेवणाबद्दल लिहिलेलं शोधावं लागत होतं.

शेवभाजी आली ती टोमॅटोच्या गोडूस ग्रेव्हीत, वर क्रीमची नक्षी. शेव आधीच टाकून ठेवलेली, तिचा पार लगदा झालेला. धुळे-जळगाव रस्त्यावर शेवभाजीत क्रीम! आणि साडू शांतपणे म्हणतात, "तुमच्या खानदेशात असंच असतं का हो? उगाच इतकी वर्षं कौतुक ऐकत होतो." मागून बायको म्हणाली, जाऊ द्या. मी कसला जाऊ देतोय.

परतताना कोणाला न विचारता मी पारोळ्यात गाडी गावात घातली. जुना सहा नंबरचा हायवे, सुरतेहून नागपूरकडे जाणारा, पूर्वी या गावांमधूनच जायचा. आता तो 53 नंबर झालाय, चौपदरी झालाय आणि गावं बाजूला पडलीत. बायपास झाला की गावातल्या हॉटेलांची चाळणी होते. फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांवर चालणारी सहा महिन्यांत शटर ओढतात. जी टिकतात ती गावच्या गिऱ्हाइकावर. आणि गावचं गिऱ्हाईक म्हणजे तालुका कचेरीतला कारकून, कोर्टाच्या तारखेला आलेला शेतकरी, बाजार समितीतला हमाल. ही माणसं उद्या परत येणार असतात. त्यांना शिळा रस्सा वाढला तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं. हायवेवरच्या मालकाला ती भीती नाही. तुम्ही जन्मात परत येणार नाही हे त्याला ठाऊक असतं.

एका खता-बियाण्याच्या दुकानासमोर गाडी लावली आणि दुकानदाराला विचारलं, "दुपारी तुम्ही स्वतः कुठे जेवता?" प्रश्न असाच विचारायचा. "इथे चांगलं हॉटेल कोणतं" असं विचारलंत तर माणूस आधी तुमची गाडी बघतो, मग सोबतच्या बायकामुलांकडे बघतो आणि थेट फॅमिली रेस्टॉरंटचा पत्ता सांगतो. त्यात त्याचा दोष नाही, तो पाहुण्यांची सोय बघतोय. या दुकानदाराने आधी डबा आणतो म्हणून टाळलं. मग म्हणाला, डबा नसला की त्या गल्लीत जातो.

गल्लीत पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, पाटी नाहीच. "बसा भो," म्हणत मालकाने कांदा-लिंबू पुढे सरकवलं. रस्सा कांदा आणि सुकं खोबरं जाळावर काळपट भाजून केलेला, वर बोटभर तर्री. शेव वेगळ्या डब्यात. भाजीची शेव जाड आणि तिखट असते, फराळाची बारीक शेव इथे चालत नाही. ताटात वाढायच्या क्षणी मूठभर शेव उकळत्या रश्श्यात पडली आणि तशीच समोर आली. पहिला घास कुरकुरीत आणि शेवटचा मऊ, ही शेवभाजीची परीक्षा. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि सालाचे उडीद एकत्र दळून केलेली. साडूंनी रस्सा परत मागितला. एकदा नाही. हात धुताना म्हणाले, "भूक लागली होती म्हणून बरं लागलं." अजूनही हेच म्हणतात.

ट्रक उभे असतील तिथे जेवण चांगलं, हा सल्ला मला अजिबात पटत नाही. ट्रकवाला जागा, पाणी, खाट आणि उधारी बघून थांबतो. एसटीचं तर विचारूच नका. थांबा कुठे घ्यायचा ते प्रवासी ठरवत नाहीत, तेव्हा प्रवाशाला काय आवडतं याची मालकाने काळजी का करावी? त्यापेक्षा आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावात शिरा. त्या दिवशी चुलीवरचं पातेलं रिकामं होत राहतं, म्हणजे समोर येतं ते ताजं. मेनू कार्ड लांबलचक असेल तर उठून या. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन आणि खानदेशी एकाच स्वयंपाकघरातून येत असेल तर त्यातलं काहीच त्या स्वयंपाकघराचं नसतं.

आता काही गोष्टी साडूंच्या बाजूनेही सांगतो, नाहीतर ते म्हणतील एकतर्फी लिहिलं. अशा ठिकाणी बायकांसाठी टॉयलेट बहुतेक नसतंच, त्यामुळे त्यासाठी आधी पेट्रोल पंपावर थांबून घ्या. दुपारी दोननंतर गेलात तर रस्सा संपलेला असू शकतो. श्रावणात आणि एकादशीला मटणाच्या बऱ्याच खानावळी बंद असतात. लहान मुलं असतील तर त्यांचं दही-भात सोबत ठेवा, तर्री त्यांच्यासाठी नाही. आणि माझा हिशोब खानदेश आणि थोडाफार मराठवाडा एवढ्यापुरताच आहे. कोकणात लोक घरगुती खानावळीत आधी फोन करून जेवण सांगून ठेवतात, तिथे गल्लीबोळ फिरून काही हाती लागायचं नाही.

तुम्ही कोणत्या रस्त्याने निघालात ते लिहिलेलं नाही. जळगावकडे जाणार असाल तर थंडीत जा. तेव्हा गावोगाव भरीत सेंटरं लागतात. हिरवी वांगी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजतात, मिरची-लसूण घालून लाकडाने ठेचतात, वर कांद्याची पात, आणि किलोवर विकतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही आहे. उन्हाळ्यात भरीत मागू नका. मिळेल, पण ते वांगं थंडीतलं नसतं.